बँकॉकचे जिने

थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसाची सवलत दिल्यापासून बँकॉकला जाऊन आलेले कुटुंब आता आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत सापडते. त्यांच्याकडून काय पाहावे, कुठे खावे आणि खरेदीत किती घासाघीस करावी याची माहिती भरपूर मिळते. मात्र सत्तरी ओलांडलेल्या आणि गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्या माणसाला घेऊन त्या शहरात एका जागेहून दुसऱ्या जागी कसे जावे, हे निघण्यापूर्वी आम्हाला कोणी नीट सांगू शकले नाही. मी, पत्नी आणि आई असे आम्ही तिघे गेलो होतो. आईचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी आहे. तिच्याबरोबर फिरताना माझ्या लक्षात आले की नकाशावर दिसणारे अंतर या शहरात फारसे कामाचे नसते. रेल्वे डोक्यावरून धावते, मेट्रो जमिनीखालून जाते, होड्या रस्त्याच्या पातळीपेक्षा बऱ्याच खालून सुटतात आणि मोठे रस्ते पादचारी पुलांवरूनच ओलांडावे लागतात. म्हणून रोजचा बेत ठरवताना आम्ही किलोमीटर मोजणे सोडून दिले आणि किती वेळा चढावे लागेल, किती वेळा उतरावे लागेल, एवढाच हिशेब मांडू लागलो.

रस्त्यावरून सरळ टॅक्सीने का जाऊ नये, हा प्रश्न साहजिक आहे, आणि त्याचे उत्तर शहराच्या रचनेत आहे. सुखुमवित हा मुख्य रस्ता घेतला, तर त्याच्या एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांकांच्या गल्ल्या फुटतात. या गल्लीला तिथे सोय म्हणतात. या सोया आत लांबवर जातात, पण त्यांतल्या कित्येक पुढे कुठेच निघत नाहीत किंवा एकमेकींना आतून जोडलेल्या नसतात, त्यामुळे शेजारच्या गल्लीत जायचे असले तरी मोटारीला मुख्य रस्त्यावर यावेच लागते. सगळी वाहने अशी मोजक्याच रस्त्यांवर ओतली गेली की काय होणार, हे मुंबईकराला समजावून सांगण्याची गरज नाही. संध्याकाळी पाऊस पडला की चारेक किलोमीटरला पाऊण तास लागणे ही तिथे तक्रार करण्याजोगी गोष्ट मानली जात नाही.

आगमनाच्या दिवशी मात्र टॅक्सीच सोयीची ठरली. मुंबईहून रात्री सुटणारी विमाने सुवर्णभूमी विमानतळावर पहाटे पोहोचतात आणि त्या वेळी रस्ते मोकळे असतात. मे २०२५ पासून आगमनाचा अर्ज आधीच ऑनलाइन भरून ठेवावा लागतो. तो भरलेला होता, त्यामुळे बाहेर पडायला वेळ लागला नाही. टॅक्सीसाठी पहिल्या मजल्यावर यंत्रे आहेत. बटण दाबले की एक चिठ्ठी येते, तिच्यावर मार्गिकेचा क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाखाली आपली गाडी उभी असते. मीटरवर ५० बाट (बाट हे तिथले चलन) विमानतळाचा अधिभार म्हणून द्यायचे आणि द्रुतगती मार्गाचा टोल आपण भरायचा, हा सरळ नियम आहे. चिठ्ठी चालकाच्या हाती न देता आपल्याजवळ ठेवावी, कारण काही सामान गाडीत राहिले तर गाडी शोधण्याचा तेवढाच धागा आपल्या हाती असतो.

आमचे हॉटेल आसोक स्थानकाजवळ होते, आणि ही जागा आम्ही मुद्दाम निवडली होती. डोक्यावरून धावणारी रेल्वे, जिला सगळे बीटीएस म्हणतात, आणि जमिनीखालची मेट्रो, म्हणजे एमआरटी, या दोन्ही इथे शेजारी शेजारी येतात. त्या जोडस्थानकाचे मेट्रोकडचे नाव मात्र सुखुमवित असे आहे. दोन्हींची तिकिटे वेगळी, फाटके वेगळी आणि स्वभावही वेगळे. बीटीएस ५ डिसेंबर १९९९ रोजी, राजे भूमिबोल यांच्या बहात्तराव्या वाढदिवशी, दोन मार्ग आणि २३ स्थानके घेऊन सुरू झाली, तेव्हा मोजकी स्थानके सोडली तर लिफ्टचा पत्ताच नव्हता. अपंग नागरिकांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला आणि अखेर जानेवारी २०१५ मध्ये थायलंडच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मूळच्या सर्व स्थानकांवर वर्षभरात लिफ्ट बसवण्याचा आदेश दिला. आज आपण आपल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या लिफ्टमध्ये शिरतो, तेव्हा ती सोय मुळात कोणी भांडून मिळवली, याची जाणीव ठेवावी असे मला प्रामाणिकपणे वाटते.

तरीही नंतर बसवलेली लिफ्ट ती नंतर बसवलेलीच. काही स्थानकांवर ती रस्त्याच्या एकाच बाजूला असते. आपण दुसऱ्या बाजूला असलो तर आधी रस्ता ओलांडायचा, आणि रस्ता ओलांडायला पुन्हा पूल. सरकते जिने आहेत, पण रस्त्यालगतचे बरेचसे वर जाणारे आहेत आणि उतरायला साधे जिने ठेवले आहेत. आराखडा करणाऱ्याला वाटले असेल की खाली तर कोणीही उतरेल. गुडघेदुखीच्या माणसाला मात्र चढण्यापेक्षा उतरणे अधिक जड जाते. आई वर जाताना कठड्याला धरून एकेक पायरी निभावून न्यायची, पण उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाऊले जुळवून थांबायची आणि मागे माणसे तुंबली की तिला ओशाळल्यासारखे व्हायचे. त्यावर आम्हाला सापडलेला उतारा म्हणजे मॉल. आसोकसह मध्यवर्ती भागातली पुष्कळ स्थानके पुलाने थेट मॉलमध्ये उघडतात आणि मॉलच्या लिफ्ट प्रशस्त, थंड आणि सगळ्या मजल्यांना जाणाऱ्या असतात. आम्ही काही विकत न घेता त्या मॉलमधून एवढ्या वेळा गेलो-आलो की पत्नीला संकोच वाटू लागला होता. अडचण एवढीच की मॉल सकाळी दहाला उघडतात. त्याआधी निघायचे तर स्थानकाची लिफ्ट शोधण्यावाचून गत्यंतर नसते.

वाट फो, म्हणजे पहुडलेल्या बुद्धाचे प्रसिद्ध देऊळ, पाहायला जाताना दोन मार्ग समोर होते. पहिला मार्ग बीटीएसने सियामला जाऊन, तिथे गाडी बदलून सफान ताक्सिनला उतरणे आणि पुढे नदीतून होडीने जाणे हा होता. पर्यटकांना बहुधा हाच सुचवला जातो आणि तो सुंदर आहे यात वादच नाही. दुसरा मार्ग मेट्रोचा. २०१९ मध्ये मेट्रोचा निळा मार्ग जुन्या शहराखालून नदीपार नेण्यात आला आणि सनाम छाय नावाचे स्थानक राजवाड्याच्या परिसरात आले. सुखुमवित स्थानकावर बसले की गाडी न बदलता वीसेक मिनिटांत तिथे पोहोचता येते. आम्ही जाताना मेट्रोने गेलो आणि येताना होडीने आलो. हा क्रम वयस्कर माणसांसाठी चांगला आहे, कारण सकाळी दम शाबूत असताना देवळातले चालणे होते आणि दुपारी दमल्यावर नदीवर बसून वारा घेता येतो.

मेट्रोत शिरताना रखवालदार पिशवी उघडून पाहतो. एका फेरीसाठी काळ्या प्लास्टिकची गोल चकती मिळते. आत जाताना ती फाटकावर टेकवायची आणि बाहेर पडताना खाचेत टाकायची. आपले संपर्कविरहित बँक कार्डही तिथे थेट चालते, मात्र माणशी एक कार्ड लागते. आईने चकतीच पसंत केली आणि प्रवासभर ती मुठीत घट्ट धरून ठेवली. सरकते जिने लांबलचक आहेत आणि लिफ्ट मुळापासूनच आराखड्यात धरलेल्या आहेत, हे बीटीएसच्या तुलनेत लगेच जाणवते. सनाम छायला उतरल्यावर आम्ही तिघेही काही क्षण जागीच उभे राहिलो. स्थानकाचे सबंध दालन जुन्या राजवाड्याच्या दरबारासारखे सजवले आहे; दोन्ही बाजूंना उंच खांबांच्या रांगा, त्यांवर सोनेरी नक्षी आणि छत लालसोनेरी. आईला ते आधी देऊळच वाटले आणि तिने चपला काढायच्या का, असे विचारले.

बाहेर पडून पाच-सात मिनिटे चालल्यावर वाट फोची भिंत लागते. तिथे नीटनेटक्या कपड्यांतल्या एका गृहस्थाने आम्हाला थांबवले आणि आज प्रार्थना असल्याने देऊळ दुपारपर्यंत बंद आहे, तोवर मी तुम्हाला टुकटुकने दुसरे एक देऊळ दाखवतो, असे अदबीने सांगितले. ही बँकॉकची जुनी युक्ती आहे. त्या सहलीचा शेवट बहुधा दागिन्यांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात होतो. त्याच्या पाठीमागून शाळेच्या मुलांची रांग आत जाताना आम्हाला दिसत होती. "त्याला म्हणावं, आम्हाला बंद देऊळच बघायचंय," असे आई मराठीत म्हणाली आणि चालू लागली.

वाट फोपासून था तियनचा धक्का अगदी जवळ आहे आणि समोरच्या काठावर वाट अरुण या दुसऱ्या देवळाचा मनोरा उभा दिसतो. पलीकडे नेणारी होडी काही बाटांत मिळते, तिचा तळ सपाट असतो आणि ती धक्क्याला बराच वेळ लागून राहते, म्हणून गुडघ्यांच्या दृष्टीने ती सबंध शहरातली सर्वांत दयाळू सवारी म्हणावी लागेल. वाट अरुणच्या मनोऱ्याच्या पायऱ्या मात्र शिडीसारख्या खड्या आहेत. आई खाली झाडाच्या सावलीत बसली, आम्हीही वर जाण्याचा हट्ट धरला नाही, आणि भाड्याने घेतलेले थाई पोशाख घालून फोटो काढणाऱ्या मुली पाहण्यात अर्धा तास छान गेला.

नदीतून खाली, म्हणजे साथोर्न धक्क्याकडे जाणारी होडी पकडणे हा वेगळा अनुभव आहे. चाओ फ्राया नदीत इथवर भरती-ओहोटी चालते, त्यामुळे तरंगता धक्का आणि काठ यांना जोडणारा उतार कधी सौम्य तर कधी चांगलाच तीव्र असतो. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती आणि आईला दोन्ही बाजूंनी धरून उतरवावे लागले. धक्क्यांवर पर्यटकांसाठीच्या होड्यांची तिकीटखिडकी मोठ्याने बोलावत असते. शहरातले लोक जातात ती नारिंगी झेंड्याची होडी वेगळी. तिला अंतर कितीही असो, १६ बाट पडले. होडी जवळ येऊ लागली की मागच्या टोकाला उभा असलेला खलाशी शिट्टी वाजवू लागतो. तांडेल पुढे असल्यामुळे त्याला मागचे दिसत नाही, म्हणून किती मागे, किती डावीकडे, आता थांब, हे सगळे त्या लांब-आखूड शिट्ट्यांमधून कळवले जाते. धक्क्याला बांधलेल्या टायरांवर होडी आदळते, खलाशी दोराचा एक वेढा खांबाला टाकतो, आणि तेवढ्या अर्ध्या-पाऊण मिनिटात उतरणारे उतरतात आणि चढणारे चढतात. आईला पाहून त्या खलाशाने एका हाताने दोर ताणून धरला, दुसरा हात तिच्या कोपराखाली घातला आणि अलगद आत घेतले. शिट्टी तोंडातच होती. आत तिकीट देणारी बाई नाण्यांनी भरलेली धातूची नळी खुळखुळवत फिरते. भिक्षूंसाठी राखलेली जागा सोडून बसावे आणि बायकांनी त्यांच्या शेजारी बसू नये, हा तिथला रिवाज आहे.

इथे एक सूचना करून ठेवतो. स्थानकांची नावे इंग्रजीत निरनिराळ्या प्रकारे लिहिलेली आढळतात, म्हणून त्यांच्या संकेतांवर, म्हणजे आसोक ई ४, सफान ताक्सिन एस ६ अशा क्रमांकांवर, भिस्त ठेवणे शहाणपणाचे असते. पण धक्क्यांनाही तसेच क्रमांक आहेत, आणि एन ८ म्हणजे नदीवर था तियन, तर रेल्वेवर चतुचकच्या बाजाराजवळचे मो चिट. या दोन जागा शहराच्या दोन टोकांना आहेत, तेव्हा कोणाला क्रमांक विचारताना रेल्वे की होडी हेही विचारावे.

साथोर्न धक्क्याला लागूनच सफान ताक्सिन स्थानक आहे. तिथून आसोकला जायचे तर सियामला गाडी बदलावी लागते, आणि सियामचे वैशिष्ट्य असे की तिथे फलाट एकावर एक दोन पातळ्यांवर आहेत. काही दिशांना जाणाऱ्याला त्याच फलाटावर समोरच्या गाडीत बसता येते, पण आमच्या वाटेला मजला बदलणे आले. नेमके संध्याकाळचे सहा वाजले आणि ध्वनिक्षेपकावर थायलंडचे राष्ट्रगीत सुरू झाले. रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता ते वाजते, आणि धावपळ करणारा सबंध फलाट जिथल्या तिथे उभा राहतो. आम्हीही उभे राहिलो. गीत संपताच सगळे असे चालू लागले की मध्ये काही घडलेच नव्हते. गाडीत शिरल्याबरोबर एका तरुणाने काही न बोलता उठून आईला जागा दिली, आणि हे पुढेही जवळजवळ प्रत्येक वेळी झाले.

सियामपासून चिटलोमपर्यंत रेल्वेच्या पुलाखालीच पादचाऱ्यांसाठी लांब मार्ग बांधला आहे, तो आम्हाला फार आवडला. ऊन लागत नाही, मोटारसायकली अंगावर येत नाहीत आणि खालच्या पदपथांवरच्या उखडलेल्या फरशा चुकवाव्या लागत नाहीत. राचप्रासोंग चौकात या मार्गावरून खाली पाहिले की चतुर्मुख ब्रह्मदेवाचे १९५६ मध्ये स्थापलेले स्थान दिसते. झेंडूच्या माळांचा ढीग, उदबत्त्यांचा धूर आणि नवस फेडण्यासाठी नाचणाऱ्या नर्तकी. "ब्रह्मदेवाचं देऊळ फक्त पुष्करला असतं असं ऐकलं होतं," असे म्हणून आईने वरूनच हात जोडले, पण मग तिला राहवेना, आणि ठरलेला हिशेब मोडून एक जिना जास्तीचा उतरावा लागला.

खलोंग सान साप या कालव्यातली होडी मी आणि पत्नीने आईला हॉटेलवर ठेवूनच अनुभवली, आणि गुडघे दुखणाऱ्या कोणालाही तिच्यात नेऊ नये असे माझे ठाम मत आहे. हा कालवा तिसऱ्या राम राजाच्या काळात, १८३७ ते १८४० या वर्षांत, कंबोडियाकडच्या युद्धासाठी सैन्य आणि सामग्री नेता यावी म्हणून खणला गेला, आणि १९९० पासून त्यात प्रवासी होड्या धावतात. होडीला दार नसते. कठड्यावर पाय ठेवून आत उडी घ्यायची. होडी पुरती थांबतही नाही. पाणी काळपट असते, समोरून दुसरी होडी आली की त्याच्या लाटा आत येतात, म्हणून काठाला बसलेला प्रवासी शेजारची दोरी ओढतो आणि प्लास्टिकचा पडदा वर चढतो. ते काम त्याचेच, हे कोणी सांगत नाही. तिकीट देणारी माणसे शिरस्त्राण घालून होडीच्या बाहेरच्या अरुंद कडेवरून चालत पैसे गोळा करतात आणि ठेंगणा पूल आला की वाकतात. प्रतुनामला होडी बदलून आम्ही फान फापर्यंत गेलो. वरच्या रस्त्यावर मोटारी मुंगीच्या पावलाने सरकत असताना खालून असे सुसाट जाण्यात जो आसुरी आनंद आहे तो मी लपवणार नाही.

टॅक्सीबद्दल थोडक्यात सांगायचे तर पर्यटनस्थळांच्या दाराशी उभ्या असलेल्या टॅक्सीला हात करू नये. तिथे मीटर सुरू करायला एका चालकाने आम्हाला साफ नकार दिला. थोडे पुढे चालत जाऊन धावती टॅक्सी थांबवली की मीटर आपोआप पडतो. ग्रॅबसारख्या ॲपवर भाडे आधीच दिसते, म्हणून आईबरोबर असताना आम्ही शेवटच्या टप्प्यासाठी तेच वापरले. गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकिटे घातलेले मोटारसायकलवाले बसलेले असतात आणि त्यांच्यामागे दरांचा फलकही असतो. त्यांच्यामागे बसून मी औषध आणायला गेलो होतो. दोन बसगाड्यांमधल्या फटीतून जाताना गुडघे आत घ्यावे लागतात, एवढे सांगितले तरी पुरे.

परतीचे विमान रात्रीचे होते आणि निघायची वेळ नेमकी गर्दीची, म्हणून टॅक्सीचा विचार आम्ही सोडून दिला. सुखुमवितहून मेट्रोने पुढच्याच फेचबुरी स्थानकावर उतरायचे, पुलावरून मक्कासानला जायचे आणि तिथून विमानतळाची गाडी धरायची, असा तो मार्ग आहे. ही गाडी २०१० पासून चालते. सामान आम्ही मुद्दाम तीन लहान बॅगांत विभागले होते, कारण गाडीत नोकरदारांची इतकी दाटी असते की मोठी बॅग घेऊन उभे राहणाऱ्याकडे लोक रागाने नसले तरी कष्टाने पाहतात. आईसाठी चाकांची खुर्ची विमान कंपनीकडे तिकीट काढतानाच मागून ठेवली होती. पण गाडीचे स्थानक विमानतळाच्या तळघरात आहे आणि खुर्ची मिळते ती चौथ्या मजल्यावर, प्रस्थानाच्या काउंटरपाशी. मधला टप्पा आपला आपणच पार पाडावा लागतो, आणि सामानाच्या गाड्यांनी भरून येणाऱ्या लिफ्टसाठी पाव तास वेगळा धरून ठेवावा.